पास्कूची इंग्रजी

मालनची पोर जया माघात आजारी पडली तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. डोंबिवलीच्या खाडीकडे मिठागरावर राहणाऱ्यांना हिवताप नवा नव्हता. एक दिवस पोर थंडीनं दातावर दात वाजवायची, मग अंग तव्यासारखं तापायचं, दिवस कलताना घाम फुटून मोकळी व्हायची. दुसऱ्या दिवशी बांधावर खेळायची. तिसऱ्या दिवशी पुन्हा थंडी. मालननं, तिचा नवरा महिपत यानं, सासू सगुणानं, सगळ्यांनीच हा ताप भोगला होता. पण होळी झाली तरी जयाचा ताप हटेना. डाव्या बरगडीखाली पोट दगडासारखं लागू लागलं. तेव्हा सगुणा म्हणाली, "आथा कल्यानला हकिमाकडं न्या तिला. पोर सुकून चालली."

१८९७ सालची ही गोष्ट. मुंबईत गाठीच्या तापानं, प्लेगनं, माणसं मरत होती. कोण कुठल्या गल्लीत कसा पडला याच्या गोष्टी मिठाच्या होड्यांबरोबर मिठागरापर्यंत यायच्या. पण कल्याणला जायचं म्हणजे मुंबईकडे पाठ करूनच जायचं होतं. त्यात भ्यायचं काय? महिपतनं जयाला खांद्यावर घेतलं आणि तिघं आगगाडीत बसली.

कल्याणला सगळ्यांना तपासणीसाठी फलाटावर उतरवून रांगेत उभं केलं. बायकांसाठी कापडाचा आडोसा होता. त्यामागे एक गोरी डॉक्टरीण बायकांच्या बगला आणि जांघा चाचपत होती. तिला सगळे मडम म्हणत होते. जयाच्या अंगावर कुठे गाठ नव्हती, पण तो नेमका तापाचा दिवस होता. मडमनं तिच्या गळ्याला हात लावला, मागच्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि दोघांनी येऊन पोर मालनच्या हातातून काढून डोलीत घातली. जया इतकी तापली होती की रडलीसुद्धा नाही. "आये" एवढंच म्हणाली.

"हिवताप हाय तिला! गाठ नाय! बघा, गाठ नाय!" मालन डोलीमागे धावली. शिपायानं काठी आडवी धरली.

मालन आणि महिपतला कारंटीनात, संशयितांना वेगळं ठेवायच्या छावणीत, घातलं. विठ्ठलवाडीच्या बाजूच्या माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या झोपड्यांच्या रांगा उभ्या केल्या होत्या. बायकांची बाजू वेगळी, पुरुषांची वेगळी, मधे तट्ट्याचं कुंपण. जयाला नेलं त्या आजाऱ्यांच्या झोपड्या माळाच्या पलीकडच्या टोकाला होत्या. तिकडे कारंटीनातल्या कुणाला जाऊ देत नसत. सकाळी तिकडून एक बैलगाडी निघायची. गाडीवर चटया टाकलेल्या असायच्या. मालन पहाटेपासून झोपडीच्या दाराशी बसून त्या गाडीची वाट बघायची आणि चटईखालचं लांब आहे की आखूड आहे एवढंच बघायची. लांब असलं की तिला हायसं वाटायचं, आणि मग त्या हायसं वाटण्याची लाज वाटायची.

मडम रोज सकाळी बायकांच्या बाजूला फेरी मारायची. तिच्याबरोबर एक दुभाष्या असे, नाकाला कापराचा रुमाल लावलेला. मालननं पहिल्याच दिवशी त्याला गाठलं.

"दादा, मडमला सांगा. पोरीला एकाआड एक दिवस ताप येतो. दोन महिने झाले. गाठीचा ताप असता तर पोर आतापर्यंत राह्यली असती का? तिला त्या लोकांत ठेवू नका. तिथं राह्यली तर तिला गाठ येल."

"सगळे हेच सांगतात," दुभाष्या म्हणाला. "ज्याला त्याला हिवतापच असतो."

"मी खरं सांगते."

"तेही सगळे म्हणतात, बाई."

तो मडमकडे वळून दोन शब्द बोलला. मडमनं मान हलवली. "मुलीची नीट काळजी घेतायत," त्यानं मालनला सांगितलं. पुढच्या झोपडीतल्या म्हातारीलाही त्यानं तेच सांगितलं, आणि त्या म्हातारीचा मुलगा तर आदल्या दिवशीच गाडीतून गेला होता. सगळ्या माळाला ते ठाऊक होतं. मालनला तेव्हा कळलं की या माणसाच्या तोंडून तिचं म्हणणं पलीकडे कधीच पोचणार नाही.

पाण्याची पिपं कुंपणाला लागून ठेवलेली होती. तिथे तट्टा फाटला होता. तेवढ्या फटीतून नवराबायकोंना बोलता यायचं. महिपत रोज येऊन उभा राही, पण बोलत काही नसे. तो धिप्पाड माणूस होता, मिठाची ओझी वाहून खांदे रुंदावलेला. इथे आल्यापासून तो नुसता खाली बघायचा.

"काय तरी कर ना," मालन म्हणायची.

"गप राहा. जास्ती बोललीस तर तुलापन तिकडं नेतील. मग मी कुनासाठी राहू?"

एकदा त्याच्याबरोबर आणखी एक माणूस पाणी भरायला आला. तिशी उलटलेला, हडकुळा, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्याची बोली मालनच्या बोलीच्या इतकी जवळची होती की पहिल्यांदा तिला तो खाडीपलीकडचाच वाटला. तो ठाण्याचा किरिस्ताव सुतार होता, नाव पास्कू. "बाय," तो म्हणाला, "तुजा घरवाला सांगत व्हता. पोरीला मडमकडून सोडवायची तर मडमची भाषा पायजे."

"तुमाला येते?"

"मना साहेबाची येते," पास्कू म्हणाला. "पन ती सगळी पेटीची हाय."

मग त्यानं सांगितलं ते मालनला आधी खरंच वाटेना. मुंबईत एका साहेबानं विलायतेहून एक पेटी आणली होती. पेटीला भिंगाचा डोळा होता आणि बाजूला मूठ होती. मूठ फिरवली की डोळ्यासमोर जे असेल ते आत पट्टीवर उतरायचं. माणसं, घोडे, समुद्राची लाट. पट्टी धुऊन, मागे दिवा लावून पुन्हा मूठ फिरवली की तीच माणसं पांढऱ्या चादरीवर चालू लागायची. साहेबाच्या चादरीची चौकट मोडली तेव्हा ती नीट करायला पास्कूला बोलावलं होतं. त्याचा हात एका लयीत चालतो हे बघून साहेबानं त्याला मूठ फिरवायलाच ठेवून घेतलं. पुण्याला खेळ करायला निघाले असताना कल्याणला पास्कूला उतरवलं. त्याच्या डब्यात एकाला गाठ होती. साहेब पहिल्या वर्गात होता. परत येतो म्हणून सांगून पुढे गेला. पेटी पास्कूबरोबर कारंटीनात राहिली, एका चिंचेखाली ताडपत्रीत गुंडाळून. शिपाई तिला हात लावायला भीत होते.

"साहेब येल," पास्कू म्हणायचा. दर खेपेला जरा हळू आवाजात.

त्यानं स्वतः पुरुषांच्या बाजूच्या गोऱ्या सोल्जराशी बोलून बघितलं होतं. सोल्जरानं बंदुकीचा दस्ता छातीला लावून त्याला मागे सारलं होतं. बायकांच्या बाजूला तर त्याला येताच येत नव्हतं. मडमशी बोलणार कोण, तर मालनच.

"शिकवा मना," ती म्हणाली.

पिपापाशी उभं राहून घागर भरेपर्यंत जेवढं होईल तेवढं. शिपाई हाकलायचा, ती घागर रिकामी करून पुन्हा यायची. पास्कू फटीतून हात दाखवून सांगायचा.

"डोला उघडला का 'ओपन'. मिटला का 'शट'. पेटीत तसाच एक पत्रा हाय, गरगर फिरतो. ओपन, शट, ओपन, शट. उजेड म्हनजे 'लाइट'. दिवा तापला का 'हॉट'. साहेब म्हनतो, टू हॉट, पास्कू, स्टॉप! म्हनजे थांब, पट्टी जलंल. निवला का 'कोल्ड'. पुन्यांदा करायचं झालं का 'अगेन'. तसंच पाहिजे का 'सेम'. चुकला का 'रॉंग'. मूठ अडकली, घट्ट झाली, का 'हार्ड'. बघ म्हनायचं का 'लुक'. इथं म्हनायचं का 'हियर'."

"तापाला काय म्हनतात?"

"साहेबाला कदी ताप आला नाय."

"पोरीला?"

"गर्ल. एक पट्टी हाय, नाचनारी गर्ल. साहेब बोलतो, गर्ल पिक्चर आन."

"आईला?"

तेही त्याला येत नव्हतं.

एवढ्याशा शब्दांत पोरीचा जीव कसा सांगायचा? मालन दिवसभर झोपडीत बसून ते शब्द पुटपुटायची. शेजारच्या बायका म्हणू लागल्या, हिला भ्रम झाला. एकदोघी तिच्यापासून अंतर ठेवून बसू लागल्या. सकाळी गाडी निघायची. एके दिवशी गाडीवरचं बोचकं आखूड होतं. मालन कुंपणापर्यंत धावत गेली आणि ओरडली. गाडीवाल्यानं लांबूनच हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "पोरगा हाय! पोरगा!" ती तिथेच मातीत बसली.

त्या दिवशी तिला थांबवेना. मडम झोपडीशी आली तशी मालननं तिच्या झग्याचा काठ धरला. जेवढे शब्द येत होते तेवढे एकदम तोंडातून सुटले. "गर्ल हॉट कोल्ड हॉट स्टॉप रॉंग लुक अगेन अगेन ओपन शट—"

मडम एक पाऊल मागे सरली. दुभाष्या काहीतरी बोलला. मडमनं पिशवीतून काचेची नळी काढली आणि मालनच्या जिभेखाली ठेवली. मालन नळी तोंडात धरून, डोळ्यांतून पाणी गाळत उभी राहिली. तिला बोलता येत नव्हतं. मडमनं नळी बघितली, तिचा दंड थोपटला आणि पुढे गेली.

"वेडी झालीय असं वाटलं तिला," दुभाष्या जाता जाता म्हणाला. "पुन्हा असं केलंस तर तुलाही पलीकडे नेतील. बरळणाऱ्याला ताप चढलाय असंच धरतात."

मालननं ते पास्कूला सांगितलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. मग म्हणाला, "पयल्या दिवशी मीपन असाच केला. मूठ धरली ती गरगर फिरवली. चादरीवर मानसं नुसती उंदरासारखी पलाली. लोक हसले. साहेब काय बोलला म्हाईत हाय? स्लो. स्लो, पास्कू. हलू फिरव, म्हनजे बघनाऱ्याला दिसंल. तू मडमला एकएक चित्र दाव. एक संपलं का दुसरं. तिला बघायला वेल दे."

"ती थांबली पायजे ना."

"ते मना नाय सांगता येत, बाय."

मग दोघांनी मिळून ते बसवलं. आधी काय, मग काय, हात कुठे न्यायचा, कुठे थांबायचं. महिपत बाजूला उभा राहून बघत होता. मालननं दोनदा करून दाखवलं तेव्हा तो पहिल्यांदा वर बघून म्हणाला, "समजतंय. मना समजतंय."

पास्कूचा आवाज त्या दिवशी घोगरा होता. कपाळाला घाम होता. उन्हाचा असेल असं मालनला वाटलं.

दुसऱ्या सकाळी ती मुद्दामच पिपापाशी उभी राहिली. मडमला तिथूनच वळून पुढच्या रांगेत जावं लागे. फटीतून महिपत एकटाच दिसला.

"पास्कू कुठं?"

"पडलाय. उठत नाय." महिपतनं पुढे सांगितलं नाही. त्याच्या तोंडावरून मालनला कळलं. तेवढ्यात मडम वळणावर आली.

मालन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. झग्याला हात लावला नाही. फक्त म्हणाली, "लुक."

दुभाष्या पुढे झाला आणि मराठीत खेकसला, "बाजूला हो!" तो तिला दंडाला धरून ओढणार तोच तट्ट्याच्या फटीतून महिपतचा हात आला आणि दुभाष्याच्या कोटाची पाठ त्याच्या मुठीत गेली. तट्टा कडाकडा वाजला. दुभाष्या मागच्या मागे कुंपणाला आपटला आणि ओरडू लागला. पलीकडून शिपायाच्या काठीचे आवाज आले. महिपतच्या पाठीवर, खांद्यावर, मनगटावर काठी बसत होती आणि मूठ सुटत नव्हती.

मालननं तिकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिचा क्रम चुकला असता.

"गर्ल," ती म्हणाली आणि कमरेएवढी उंची हातानं दाखवली. मग आकाशात बोट उगवतीपासून मावळतीपर्यंत नेलं. "हॉट." कपाळाला हात लावला, डोळे मिटले. थांबली. पुन्हा बोट उगवतीपासून मावळतीपर्यंत. "स्टॉप. कोल्ड." हसून दाखवलं, जेवल्यासारखं केलं. थांबली. पुन्हा बोट. "अगेन. हॉट." पुन्हा बोट. "स्टॉप." मग मूठ उघडून मिटून दाखवली, सावकाश. "सेम. सेम. अगेन. अगेन."

मडम जागची हलली नव्हती.

मालननं लुगड्यावरून आपल्या डाव्या बरगडीखाली बोट टेकवलं. "लुक. हियर. हार्ड." मग पलीकडच्या झोपड्यांकडे हात केला. "गर्ल. रॉंग." आता शब्द संपले होते. पुढे सांगायला काहीच उरलं नव्हतं. तिनं हात जोडले नाहीत, रडली नाही, नुसती मडमच्या तोंडाकडे बघत राहिली.

मडम खाली वाकली. तिनं स्वतःच्या डाव्या बरगडीखाली हात ठेवला आणि मालनकडे प्रश्नानं बघितलं. मालननं जोरजोरात मान हलवली. मडम स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. त्यात 'फीवर' असा एक शब्द मालनला ऐकू आला. मग ती कुंपणाकडे वळून शिपायावर ओरडली, काठी थांबली, आणि ती झगा उचलून माळ ओलांडून आजाऱ्यांच्या झोपड्यांकडे भराभरा चालत गेली. तिच्यामागे धावताना दुभाष्याला कोट झटकायलाही वेळ मिळाला नाही.

दुपारी मालनला नेलं. जयाला एका वेगळ्या झोपडीत हलवलं होतं. मडमनं तिच्या पोटातली हिवतापानं फुगलेली पाणथरी चाचपून बघितली होती, त्यावर कोयनेल हे औषध सुरू केलं होतं. पण इतके दिवस ती गाठीच्या माणसांत निजली होती. दुभाष्यानं या वेळी मडमचा शब्द न् शब्द सांगितला. गाठ आता नाही, पण पुढे येणार नाही असं सांगता येत नाही. आत गेलीस तर पोरीचं काय ते ठरेपर्यंत, या बाजूला की त्या, बाहेर येता येणार नाही.

मालन आत गेली. जयाला ओळखायला तिला थोडा वेळ लागला, इतकी पोर सुकली होती. रोज सकाळी उठल्यावर मालन तिच्या बगलेत आणि जांघेत बोटं घालून बघायची. रोज काही नसायचं. आणि रोज ती उद्याच्या सकाळीला भ्यायची.

पास्कूला शेजारच्या, आजारी पुरुषांच्या झोपडीत आणलं होतं. मालनला तिथून त्याचा आवाज ऐकू यायचा. जया झोपली असताना एका दुपारी ती तिकडे गेली. तिथल्या नोकरानं तिला अडवलं नाही. आजाऱ्याशेजारी बसायला आपणहून येणारं माणूस तिथे दुर्मीळच होतं. पास्कूचे डोळे लाल झाले होते, जिभेवर पांढरं बसलं होतं. उजवा हात हवेत गोल फिरत होता.

"रेडी, सर," तो म्हणत होता. "लाइट. लाइट नाय, सर."

त्याच्या बोलण्याकडे तिथे कुणी लक्ष देत नव्हतं. मालन खाली बसली. पोरीजवळ परत जायचं आहे, याला हात लावू नये, हे तिला कळत होतं. तरी तिनं त्याचा फिरणारा हात धरला.

"लाइट हाय, पास्कूदादा," ती म्हणाली. "ओपन हाय. फिरवा. स्लो."

हात हळू झाला. दिवस कलायच्या आत थांबला. मालननं बाहेर येऊन राखेनं हात कोपरापर्यंत घासले, पुन्हा घासले, कातडी सोलेपर्यंत घासले, आणि मगच जयाला उचललं.

जयाला गाठ आली नाही. मालनलाही नाही. वैशाख संपताना त्यांना सोडलं. महिपतचं मनगट वाकडंच सांधलं होतं. त्या हातानं पुढे त्याला कधी ओझं उचलता आलं नाही. चिंचेखालची पेटी तिथे नव्हती. साहेब आला होता की दुसऱ्या कुणी नेली, कुणालाच सांगता येईना.

पाऊसकाळ सरल्यावर मालननं महिपतला ठाण्याला न्यायला लावलं. चर्चशेजारच्या किरिस्तावांच्या आळीत विचारत विचारत त्यांना पास्कूची आई सापडली. नातालीन तिचं नाव. लाल लुगडं नेसलेली, कानांची भोकं लोंबलेली म्हातारी. मुलगा गेल्याचं तिला पाद्रीकडून कळलं होतं, त्यापुढे काही कळलं नव्हतं. त्याला कुठे पुरलं तेही नाही.

मालननं सगळं सांगितलं. कुंपण, पिप, शब्द, पोर. म्हातारी ऐकत राहिली. शेवटी तिनं विचारलं, "जाताना त्याने देवाचा नाव घेतला?"

हो म्हणावं असं मालनच्या तोंडाशी आलं होतं. महिपत तिच्याकडे बघत होता.

"नाय," ती म्हणाली. "तो कामावर व्हता. पेटी चालवीत व्हता. दिवा लागला नाय म्हनून घाबरला व्हता. मी बोलले लागलाय. मग नीट चालवली त्याने."

डोळे लुगड्याच्या पदरानं पुसून नातालीननं विचारलं, "पोरीचा नाव काय?"

"जया."

"भुकेली असंल," म्हातारी म्हणाली. तिनं जयाला उचलून ओट्यावर आपल्या जागी बसवलं आणि गुडघ्यांवर हात टेकत आत चुलीकडे गेली.